तिसरे शील

सप्टेंबर २०२१ मध्ये डोंबिवलीच्या मानपाडा पोलीस ठाण्यात एका पंधरा वर्षांच्या मुलीच्या तक्रारीवरून सामूहिक बलात्काराचा गुन्हा नोंदला गेला. ओळखीच्या मुलाने चित्रफीत काढली, ती दाखवण्याची धमकी देत तिला एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून टोळक्याकडे नेले गेले आणि हे कित्येक महिने चालले, अशी ती तक्रार होती. आरोपींची संख्या तिसाच्या वर गेली. डोंबिवलीसोबत बदलापूर, मुरबाड, रबाळे ही नावेही आली.

स्वतःला सांस्कृतिक नगरी म्हणवणाऱ्या या गावाने त्या दिवसांत काय विचारले? मुलगी त्यांच्याबरोबर गेलीच कशाला? आईबाप झोपले होते का? तिच्या हातात मोबाईल दिला कोणी? लोकलच्या डब्यात, सोसायटीच्या बाकावर आणि आमच्या विहाराच्या पायरीवरही मी हेच ऐकले. तीसहून अधिक नावे पुढे आली. ती सगळी कुठल्या ना कुठल्या घरातली होती, तिथे आई ताट वाढत होती, बाप पगार आणत होता, भिंतीवर कुठल्या तरी महापुरुषाची तसबीर होती. त्या घरांनी मुलगे कसे वाढवले, हे मात्र कोणी विचारले नाही. जिच्यावर अत्याचार झाला तिच्या घराची झडती साऱ्या गावाने तोंडी घेतली.

मी बौद्ध आहे आणि हे आधी माझ्याच माणसांना सुनावतो आहे. दोष फक्त आमचा आहे असे नाही. पण दर रविवारी पांढरे कपडे घालून, हात जोडून, कामवासनेतून कोणाचे वाईट करणार नाही असे तोंडाने म्हणणारा समाज आमचा आहे. जो प्रतिज्ञा घेतो त्याला जाब जास्त द्यावा लागतो.

पंचशीलातले पाचवे शील आम्ही गाजवले. दारूबंदीचे मोर्चे काढले, बाटल्या फोडल्या, प्रवचने दिली, आणि ते योग्यच केले. तिसऱ्या शिलाचे काय? कामेसु मिच्छाचारा, म्हणजे कामाचा दुराचार करणार नाही, असे म्हणताना आवाज आपोआप खाली येतो. वंदनेनंतर त्यावर कोणी बोलत नाही. पोराने बापाला अर्थ विचारला तर बाप म्हणतो, ‘मोठा झालास की कळेल.’ पोराला ते फोनवर, कोणाच्याही शिकवणीशिवाय, कळते आणि जे कळते ते भलतेच असते.

बुद्धाने हा विषय असा गिळला नव्हता. विनयपिटकातली भिक्खूंसाठीची पहिलीच पाराजिका, म्हणजे ज्या अपराधाने भिक्खू संघातून कायमचा बाद होतो असा पहिला नियम, मैथुनाचा आहे. त्यामागची कथा सुदिन्नाची. वैशालीजवळच्या कलंदक गावच्या श्रीमंताचा हा मुलगा घर सोडून भिक्खू झाला. दुष्काळ पडला तसा तो नातलगांच्या आसऱ्याने आपल्या मुलखात आला. आईबापांनी आधी धनाचे ढीग दाखवले, तो बधला नाही. मग आई म्हणाली, निदान वंशाला बी दे, नाहीतर वारस नाही म्हणून आपली दौलत लिच्छवी घेऊन जातील. सुदिन्न पूर्वीच्या पत्नीकडे गेला. तिला मुलगा झाला आणि लोक त्याला बीजक म्हणू लागले. पुढे मन खाऊ लागले तेव्हा सुदिन्नाने सगळे सांगितले. बुद्धाने कडक शब्दांत झोडपले ते सुदिन्नाला. बायकोने मोह पाडला, असे त्या निवाड्यात कुठे नाही. शपथ ज्याने घेतली, मोडली त्यानेच. त्या पत्नीने आणि बीजकाने पुढे प्रव्रज्या घेतली आणि दोघेही अर्हत पदाला पोचले, असे ग्रंथ सांगतो. आज आमच्या घरात वंशाच्या दिव्यासाठी सुनेचा छळ होतो, तेव्हा सुदिन्नाच्या आईचा आवाज जसाच्या तसा ऐकू येतो. सुदिन्नाची लाज मात्र कुठे दिसत नाही.

उत्पलवर्णा थेरीची कथा याहून धारदार आहे. ती अर्हत होती, रानातल्या कुटीत एकटी राहत होती. तिच्यावर आसक्त झालेल्या एका तरुणाने तिच्यावर बलात्कार केला. प्रश्न बुद्धापर्यंत गेला. उत्तर अगदी थोडक्यात आले: तिची संमती नव्हती, म्हणून तिच्याकडे कोणताही दोष येत नाही. अडीच हजार वर्षांपूर्वी संमती हा शब्द निवाड्याच्या मधोमध ठेवला गेला आणि आम्ही २०२१ साली विहाराच्या पायरीवर उभे राहून विचारतो, ती गेलीच कशाला.

खरे लिहायचे तर पुढचेही लिहिले पाहिजे. त्या घटनेनंतर भिक्खुणींचे रानात राहणे बंद झाले. तिथेही शेवटी बंधन आले ते बाईवरच. संघात येणाऱ्या बाईला नवऱ्याची परवानगी लागे, पुरुषाला आईबापाची पुरे, बायकोची लागत नसे. आणि स्त्रीदेहाची किळस वाटावी अशी वर्णने त्रिपिटकात जागोजागी आहेत. बाबासाहेबांनी याकडे डोळेझाक केली नाही. बुद्धामुळे स्त्रीची अधोगती झाली असा आरोप छापून आला तेव्हा त्यांनी १९५१ मध्ये महाबोधी सोसायटीच्या नियतकालिकात ‘हिंदू स्त्रीची उन्नती आणि अवनती’ हा लेख लिहिला. स्त्रीकडे पाहूच नये असे बुद्धाने शिष्य आनंदाला सांगितल्याचा उतारा भिक्खूंनी मागाहून घुसडलेला असावा, असे त्यांनी त्यात साधार मांडले. ग्रंथ डोक्यावर घेऊन नाचणाऱ्यांनी हा धडा घ्यावा. बुद्धाचे नाव लागले म्हणून बाईची निंदा पवित्र होत नाही.

गयासीसाच्या टेकडीवर बुद्धाने जे जळते आहे म्हणून सांगितले त्यात डोळा आहे, कान आहे, जीभ आहे, मन आहे. रागाची, म्हणजे आसक्तीची, आग पाहणाऱ्याच्या डोळ्यात आहे. डोंबिवली स्थानकाच्या पुलावर सकाळच्या गर्दीत मुली छातीशी पिशवी घट्ट धरून का चालतात, हे प्रत्येक पुरुषाला ठाऊक आहे. मागून येणारा कोपर चुकून लागला की मुद्दाम, हे त्यांना पाठीला डोळे असल्यासारखे कळते. जळते आहे ते त्या कोपराच्या मालकाचे मन, आणि सावध राहण्याची सगळी मेहनत मात्र तिच्या वाट्याला. घरी येऊन सांगितले तर उद्यापासून ओढणी घे म्हणून आज्ञा होते. भावाला कोणी बसवून विचारत नाही की तू पुलावर कसा चालतोस.

आता ब्रह्मचर्य. डोंबिवलीतून कसाऱ्याच्या गाडीने लोक इगतपुरीला धम्मगिरीवर विपश्यनेला जातात. दहा दिवसांचे शिबिर, मौन, फोन जमा, स्त्री-पुरुष वेगळे, ब्रह्मचर्य पाळायचे. आमच्या वस्त्यांतली मुले श्रामणेर शिबिरात मुंडण करून चीवर घालतात, दहा शिले घेतात. या दोन्ही गोष्टींबद्दल मला आदर आहे. मन किती बेलगाम आहे हे दहा दिवसांत ज्याने पाहिले त्याला फार मोठे काही मिळाले. पण अकराव्या दिवशी काय होते? चीवर उतरते, फोटो समूहावर फिरतात, हारतुरे होतात, आणि पोरगा घरी येऊन बहिणीवर पुन्हा तसाच ओरडतो. दहा दिवस स्वतःला आवरल्याचा मान मिळाला, वर्षभर दुसऱ्याला न दुखावल्याचा हिशेब कोणी मागत नाही. गृहस्थाकडून बुद्धाने आयुष्यभराचे ब्रह्मचर्य मागितले नव्हते. पौर्णिमा-अष्टमीच्या उपोसथाला अष्टशील घेणाऱ्याने तेवढ्यापुरते ब्रह्मचर्य पाळावे आणि रोजच्या संसारात कामाचा दुराचार करू नये, इतकेच. ते इतकेच आम्हाला झेपलेले नाही.

कान्हेरीच्या लेण्यांत कल्याणच्या दात्यांची नावे कोरलेली आहेत, त्यांत सोनार आहे, लोहार आहे. भिक्खूचे ब्रह्मचर्य कल्याणच्या गृहस्थाच्या भाकरीवर उभे होते. दोन्ही वाटा एकमेकींच्या आधाराने चालत. एक वाट श्रेष्ठ आणि दुसरी घाणेरडी, ही समजूत आम्ही नंतर कुठून तरी उसनी आणली आणि तिच्यापायी संसारातल्या कामभावनेला बोलण्याची जागाच उरली नाही.

भिक्खूला ब्रह्मचर्य जमेना तर तोंडाने सांगून चीवर सोडण्याची मुभा विनयात आहे. शिक्षा नाही, बहिष्कार नाही. ढोंग मात्र चालत नाही. आपल्या भाषेतले याचे मोठे उदाहरण धर्मानंद कोसंबी. गोव्याच्या सांखवाळचा हा तरुण बुद्धाच्या ओढीने बायको बाळाबाई आणि लहानगी मुलगी मागे ठेवून निघाला, १९०२ मध्ये सिलोनात प्रव्रज्या घेतली, ब्रह्मदेशात राहिला, १९०६ च्या सुमारास चीवर सोडून परत आला आणि पुन्हा संसाराला लागला. पुढे पाली शिकवली, ‘भगवान बुद्ध’ लिहिले, ‘निवेदन’ या आत्मचरित्रात आपला प्रवास सांगितला. त्यांच्या परतण्याने धम्म बुडाला नाही, उलट मराठीत आला. पण धर्मानंदांच्या त्यागाची व्याख्याने देताना त्या सगळ्या वर्षांत बाळाबाईंनी काय सोसले, हे आम्ही एका वाक्यात उरकतो. एकाचे ब्रह्मचर्य दुसरीवर न विचारता लादलेले ब्रह्मचर्य असते, हे यशोधरेपासून कोणाला दिसलेले नाही.

कामविषयावर बोलले की धर्म बाटतो असे ज्यांना वाटते त्यांनी बाबासाहेबांचे एक वकीलपत्र आठवावे. र. धों. कर्वे ‘समाजस्वास्थ्य’ मासिकात वाचकांच्या लैंगिक शंकांना सरळ उत्तरे देत. त्यासाठी त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला आणि १९३४ मध्ये त्यांच्या बाजूने उभे राहिले बॅरिस्टर आंबेडकर. विषय लैंगिक आहे एवढ्याने लेखन अश्लील ठरत नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. ते खटला हरले, कर्व्यांना दंड झाला. त्या वेळी लोकप्रियता नको असलेलीच माणसे हे काम करत. आज बाबासाहेबांच्या जयंतीला डीजेवर रात्र काढणारी मंडळी कर्व्यांचे नाव घ्यायला कचरतात आणि विहारात मुलांच्या शंकांचा एक तास ठेवा म्हटले तर ‘इथे असले नको’ म्हणून उठून जातात.

आता लग्नाकडे वळतो, कारण सगळा हिशेब तिथे येऊन थांबतो. हॉल पूर्वेचा असो की पश्चिमेचा, दृश्य तेच. बौद्धाचार्य माईकपाशी उभे, समोर नवरा-नवरी, मेजावर बुद्धाची मूर्ती आणि बाबासाहेबांचा फोटो. नवऱ्याकडून पाच प्रतिज्ञा म्हणवून घेतल्या जातात. त्या सिगालोवाद सुत्तातल्या आहेत: पत्नीचा सन्मान करीन, अपमान करणार नाही, तिच्याशी एकनिष्ठ राहीन, घरचा अधिकार तिच्या हाती देईन, वस्त्रालंकार देईन. नवरा पालीतले शब्द तुकड्या-तुकड्याने मागे म्हणतो, शेजारी मित्र फोनवर चित्रण करतो, मागे जेवणाची रांग लागायला लागते. मग बौद्धाचार्य नवरीकडे वळून तिला चांगली लांबलचक समज देतात: सासूसासऱ्यांना आईबाप मान, घर सांभाळ, शब्दाला शब्द लावू नकोस. नवऱ्याला अशी समज दिलेली मी आजवर ऐकली नाही. २० जुलै १९४२ रोजी नागपूरच्या दलित महिला परिषदेत बाबासाहेबांनी बायकांना सांगितले होते की नवऱ्याच्या मैत्रिणी आणि बरोबरीच्या म्हणून उभ्या राहा, गुलाम व्हायला नकार द्या. ते भाषण लग्नाच्या मंडपात कोणी वाचत नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २१ या काळात, महाराष्ट्रातल्या विवाहित बायकांपैकी सुमारे चारांतल्या एकीने नवऱ्याकडून हिंसा सोसल्याचे सांगितले. सांगितले तेवढ्याच मोजल्या गेल्या. कायदा तर अजून त्याच्या बाजूनेच आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही बायको अठरा वर्षांवरची असेल तर नवऱ्याची जबरदस्ती बलात्कार ठरत नाही. कायद्याने सोडले म्हणून शिलाने सोडले असे आमच्या पुरुषांना वाटते का? उत्पलवर्णेच्या निवाड्यात जी संमती मोजली गेली, ती मंगल परिणयाच्या दिवशी बाईकडून कायमची काढून घेतली जाते, असे कुठल्या सुत्तात लिहिले आहे ते त्यांनी दाखवावे.

सुंसुमारगिरीच्या नकुलपिता आणि नकुलमाता या जोडप्याची गोष्ट अंगुत्तर निकायात आहे. म्हातारपणी दोघे बुद्धासमोर बसून सांगतात की तरुणपणी लग्न झाल्यापासून मनानेसुद्धा आम्ही एकमेकांशी प्रतारणा केली नाही, पुढच्या जन्मीही सोबत राहायचे आहे. बुद्ध त्यांना वासना सोडा म्हणून उपदेश करत नाही. श्रद्धा, शील, त्याग आणि प्रज्ञा यांत बरोबरीचे राहा, म्हणतो. आमच्या किती घरांत नवरा-बायको म्हातारपणी एकमेकांसमोर असे बोलू शकतील?

पुढचा वर्षावास येण्याआधी मला माझ्या भागातल्या विहार समित्यांकडून तीन गोष्टी हव्या आहेत. पंधरा ते पंचवीस वयाच्या मुलांना आणि त्यांच्या बापांना एकत्र बसवून तिसऱ्या शिलावर उघड बोलणारा वर्ग सुरू करा, त्यात डॉक्टर बोलवा, कर्व्यांसारखी उत्तरे द्यायला न लाजणारा बोलवा. लग्नात नवऱ्याच्या पाच प्रतिज्ञा मराठीत, सावकाश, त्याच्याच तोंडून सगळ्या हॉलला ऐकू जातील अशा म्हणवून घ्या आणि समज द्यायचीच तर दोघांना द्या. आणि समितीची यादी बदला. आज फलकावर अध्यक्ष, सचिव, खजिनदार सगळे पुरुष आहेत, महिला मंडळाकडे बुद्धपौर्णिमेच्या खिरीचे पातेले. घरात मार खाणारी बाई पुरुषांच्या समितीपुढे तोंड उघडत नाही, आणि तिने उघडले तर तेच प्रश्न तिला विचारले जातील जे त्या पंधरा वर्षांच्या मुलीला विचारले गेले. निम्म्या जागा बायकांना द्या, तक्रार ऐकण्याचे काम त्यांच्याकडे द्या, पोलीस ठाण्यापर्यंत तिच्याबरोबर जायला माणसे नेमा. आषाढी पौर्णिमेच्या सभेत हा ठराव मी मांडणार आहे. ज्यांचा विरोध असेल त्यांनी तो मुलीबाळींच्या समोर उभे राहून करावा.