सरसकट दूध तोडू नका

हृदयाची गोळी चालू असलेल्या बाळंतिणीने बाळाला वरचं दूध द्यावं, हा मागच्या अंकातल्या पत्रातला सल्ला घातक आहे. झडप बदललेल्या कितीतरी बाया वॉरफरिन घेतात. ती दुधात जवळजवळ उतरतच नाही. मेटोप्रोलॉल, एनालाप्रिलही फार थोडी उतरतात. ॲटेनोलॉल मात्र जास्त उतरते, तान्ह्याची नाडी मंदावू शकते. अमिओडॅरोन तर शक्यतो टाळतात: ती महिनोन्‌महिने शरीरात राहते, तिच्यातलं आयोडीन बाळाच्या थायरॉइडला बाधू शकतं. तेव्हा आधी गोळीचं नाव तर विचारा! आणि उन्हाळ्यात टँकरच्या पाण्यात कालवलेली दुधाची पावडर बिनधोक, असं कोणी सांगितलं? बायांनो, दूध तोडू नका, गोळीही मनाने बंद करू नका. पाकीट घेऊन डॉक्टरांना दाखवा.

— एक वाचक, नांदगाव (जि. नाशिक)