वाक्य कुठे थांबतं?

तुमसर, पवनी, साकोलीकडची मुलं नोकरीचा किंवा रजेचा इंग्रजी अर्ज मला दाखवायला आणतात. स्पेलिंगच्या चुका आता फारशा नसतात, मोबाइल त्या दुरुस्त करतो. वाक्य कुठे संपलं ते मात्र कळत नाही. ‘आय वॉज सिक आय डिड नॉट कम’. दोन पूर्ण वाक्यं आणि मध्ये काहीच नाही. कोणी स्वल्पविराम टाकतो, पण इंग्रजीत दोन पूर्ण वाक्यं जोडायला नुसता स्वल्पविराम पुरत नाही. नागपूरच्या कार्यालयात अर्ज वाचणारा माणूस या मुलाला ओळखत नसतो. त्याच्यापुढे एवढाच कागद असतो.

यावर ठरलेला सल्ला म्हणजे ‘वाक्य लहान लिही’. मला तो पटत नाही. वरचं वाक्य सातच शब्दांचं आहे. याउलट सत्तर शब्दांचं वाक्यही निर्दोष असू शकतं. दोष सांध्यात आहे.

आणि तो आपल्याच भाषेतून येतो. ‘घरी जाऊन जेवून झोपलो’ हे मराठीत एकच वाक्य, पूर्ण क्रियापद फक्त शेवटी. घरी हिंदी-उर्दू बोलणाऱ्या आपल्या मुलांचंही तेच: ‘घर जाकर, खाना खाकर सो गया’. इंग्रजीत जाताना हे ‘ऊन’ आणि ‘कर’ गळून पडतात, नुसते डबे उरतात: ‘आय वेन्ट होम आय एट आय स्लेप्ट’. एवढं मराठीतून समजावलं तर पाचवीच्या मुलालाही कळेल. पण वहीत फक्त लाल रेघ येते, आणि मुलाला वाटतं आपल्याला इंग्रजी येतच नाही.

विरामचिन्हं मराठीत तरी कुठे जुनी आहेत? मोडीत शब्दही न तोडता ओळ भरली जाई. ही चिन्हं मराठीत रुजवली एकोणिसाव्या शतकात मेजर थॉमस कँडी यांनी. एका इंग्रजानेच आपल्याला कागदावर थांबायला शिकवलं म्हणायचं!

आपल्या मकतबातली मुलं मात्र ‘वक्फ’ लहानपणीच शिकतात. सूरह यासीनच्या ५२व्या आयतीत ‘मरक़दिना’ या शब्दावर क्षणभर थांबायचं असतं, श्वास न सोडता. तिथे उठवलेल्या लोकांचा प्रश्न संपतो आणि उत्तर सुरू होतं. न थांबता वाचलं तर उत्तरातला ‘हे’ आधीच्या शब्दाला चिकटल्यासारखा वाटतो. इतका बारीक सांधा जपणाऱ्या मुलाला पूर्णविराम जड जाईल, हे मी मानायला तयार नाही.

म्हणून मी मुलांना आधी कर्ता आणि त्याचं क्रियापद यांच्या जोड्या शोधायला सांगतो. दोन जोड्या सापडल्या की मधला सांधा बघायचा. तो नसेल तर पूर्णविराम द्या, अर्धविराम द्या, किंवा ‘सो’, ‘बट’, ‘बिकॉज’ यांतला नेमका शब्द घाला. पूर्णविराम सगळ्यात सोपा. पण रजेच्या अर्जात मी ‘सो’ घालायला लावतो, कारण आजारी होतो म्हणूनच आलो नाही, हे साहेबाला त्याच ओळीत कळायला हवं.