गोळ्या सुरू होताच घसा आवळला? ही करणी नाही, औषधाचा परिणाम
अहिल्यानगर : मानसिक आजारावर हॅलोपेरिडॉलसारखं औषध सुरू झालं की पहिल्या चार-पाच दिवसांत काहींची मान वाकडी होते, जीभ ओढली जाते. क्वचित स्वरयंत्राचे स्नायू आवळून श्वास घरघरतो. तरण्या पोरांत हे जास्त दिसतं. घरचे ‘बाहेरचं झालं’ म्हणून देवऋष्याकडं नेतात, अन् तिथंच वेळ जाऊन जीवावर बेततं. खरं कारण, औषध मेंदूतल्या डोपामाइनचं काम अडवतं. प्रोमेथाझिनचं इंजेक्शन मिळालं तर बहुधा थोड्या वेळात आराम पडतो. पण अकोले तालुक्यातून नगरचं जिल्हा रुग्णालय शंभर किलोमीटरहून लांब. म्हणून १०८ बोलवा, जवळचं ग्रामीण रुग्णालय गाठा, गोळ्यांचं पाकीट सोबत न्या. गोळी लिहून देतानाच डॉक्टरांनी हे घरच्यांना सांगायला हवं. औषध मात्र मनानं बंद करू नका. सल्ल्यासाठी टेली-मानस १४४१६ मोफत आहे.