जांघेतली खाज आणि दुकानातली ट्यूब

अंधेरी-बोरिवलीच्या लोकलमधून घामाने चिंब होऊन उतरणाऱ्या पुरुषाच्या जांघेत खाज सुटली, की पहिली शंका गुप्तरोगाची येते. (डब्यात चिकटवलेल्या जाहिराती ती शंका इमानेइतबारे पोसतात.) लाजेपोटी डॉक्टर टळतो आणि औषधाच्या दुकानातून ट्यूब येते.

बहुधा ती खाज असते गजकर्णाची, म्हणजे बुरशीची. ट्यूबमध्ये मात्र अनेकदा क्लोबेटासोलसारखं तीव्र स्टेरॉइड असतं. दोन दिवसांत खाज थांबते, बुरशी पसरतच राहते, कातडी पातळ होते. टर्बिनाफिन या नेहमीच्या औषधाला अनेकदा दाद न देणाऱ्या बुरशीला २०२० मध्ये नाव मिळालं ‘ट्रायकोफायटॉन इंडोटिनी’. नावातच भारत आहे. अभिमान वाटावा असं त्यात काही नाही.

स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकू नयेत, म्हणून सरकारने २०१८ मध्ये नियम कडक केले. तरी ‘खाजेची ट्यूब द्या’ एवढ्यावर ती आजही मिळतात. माझ्या मते लाजणाऱ्या गिऱ्हाइकापेक्षा इथे विकणाऱ्याचा दोष मोठा.

रात्री वाढणारी, घरातल्या इतरांनाही सुटलेली खाज खरजेची असू शकते. शिश्नाच्या टोकाची कातडी वारंवार चिरत असेल तर रक्तातली साखर तपासा. न दुखणारा व्रण, लघवीच्या जागेतून पू, लघवीला जळजळ असेल किंवा असुरक्षित संबंध आला असेल, तर गुप्तरोगाची तपासणी हवीच, जोडीदाराचीही. त्यासाठी सरकारी ‘सुरक्षा क्लिनिक’ आहेत, मोफत. पत्ता १०९७ वर विचारता येतो.