अभेद्य कुंपण कुणी पाहिले आहे?



गेल्या हंगामात तालुक्याच्या बैठकीत एक बहीण पासबुक घेऊन उभी राहिली. खात्यातून साडेनऊ हजार रुपये गेले होते. बँकेत विचारायला गेली तर उत्तर मिळाले, "पैसे आधारच्या अंगठ्यावर निघाले आहेत. अंगठा तुमचाच आहे. सिस्टीम चुकत नाही." ज्या दिवशी पैसे निघाले त्या दिवशी ही बहीण दिवसभर कापसाच्या वेचणीला होती आणि तिच्यासोबत अकरा बायका होत्या. एका बाजूला अकरा जिवंत साक्षीदार, दुसऱ्या बाजूला एक मशीन. साहेबांनी मशीनची साक्ष मानली.

पूर्वी साहेब म्हणत, "वरून आदेश नाही." आता म्हणतात, "कॉम्प्युटर घेत नाही." पीकविमा असो, अनुदान असो, सातबारा असो की कर्जमाफी असो, शेवटचा शब्द कॉम्प्युटरचा. २०१७ च्या कर्जमाफीत ऑनलाइन अर्ज भरून भरून आपण दमलो. बँकांच्या याद्या आणि आपले अर्ज यांचा मेळ बसेना, म्हणून महिनोन्महिने वाट पाहिली. त्या वेळी निदान यादी चुकली असे म्हणायची सोय होती. आता तेही बंद करण्याचा घाट आहे. सिस्टीम चुकत नाही, सिस्टीममध्ये कुणी शिरूच शकत नाही, असे एकदा ठरले की मग चोर कोण उरतो? ज्याची चोरी झाली तोच!

म्हणून प्रश्न सरळ विचारू. कुणालाही फोडता येणार नाही असा कॉम्प्युटर बनवता येतो काय?

उत्तरही सरळ आहे. नाही. आणि हे आमचे मत नव्हे, ज्यांनी कॉम्प्युटर घडवले त्यांचीच ही साक्ष आहे.

बोंडअळीचा धडा

आमच्या कृषी पदवीच्या अभ्यासक्रमात कॉम्प्युटर नव्हता, कीटकशास्त्र होते. या प्रश्नाला ते पुरते. ओढ्याला बांध घातला तर पाणी बांधातली फट शोधायला बुद्धी चालवीत नाही. अळीचे तसे नाही. तुम्ही उपाय केला की त्या उपायातून वाचणारी अळी पुढची पिढी घालते.

२००२ साली बीटी कापसाला परवानगी मिळाली. ते बियाणे आम्हाला हवे होते आणि त्याबद्दल आज पश्चात्ताप नाही. २००६ साली दोन जनुकांचे वाण आले. २०१० साली गुजरातेत पहिल्या बीटीला गुलाबी बोंडअळी जुमानत नाही, हे खुद्द कंपनीने मान्य केले. २०१७ च्या हंगामात महाराष्ट्रात दोन जनुकांच्या कापसाची बोंडे आपण आपल्या हातांनी फोडली आणि आत अळी पाहिली. बियाणे खोटे नव्हते. "आता बोंडअळीची चिंता मिटली" हा प्रचार खोटा होता.

आपली चूकही कबूल केली पाहिजे. बीटीभोवती साध्या कापसाच्या पाच ओळी लावायचा नियम होता. त्या बियाण्याचे पाकीट पिशवीसोबत मिळत होते. आपल्यापैकी बहुतेकांनी ते बांधावर फेकले. कुंपण अभेद्य आहे असे वाटले की माणूस राखण सोडतो, आणि कुंपणातल्या भोकापेक्षा सोडलेली राखण जास्त महागात पडते.

हॅक करणे म्हणजे मालकाच्या परवानगीवाचून कॉम्प्युटरमध्ये शिरणे, तिथली माहिती पळवणे किंवा फिरवणे. हे करणारा अळीपेक्षा शहाणा असतो. अळीला पिढ्या लागतात, त्याला एक रात्र पुरते. राखणदाराला शंभर वाटा बुजवाव्या लागतात. चोराला एक सापडली की झाले.

पेव लिंपले तरी

कुणी म्हणेल, सगळ्याच वाटा बुजवा. पेवाचे तोंड दगडमातीने कायमचे लिंपून टाकले तर चोराला ज्वारी नेता येणार नाही हे खरे. पण तुमच्या घरीही भाकरी होणार नाही. बँकेच्या कॉम्प्युटरला कारकुनासाठी, एटीएमसाठी, मोबाइलसाठी, गावातल्या बँक मित्रासाठी दार उघडे ठेवावेच लागते. जिथे मालकाला दार आहे तिथे मालकाचे सोंग घेऊन येणाऱ्यालाही दार आहे.

पुण्याच्या कॉसमॉस बँकेत ऑगस्ट २०१८ मध्ये हेच घडले. ११ तारखेला, शनिवारी, बनावट कार्डे वापरून २८ देशांतल्या एटीएममधून पैसे काढले गेले. १३ तारखेला सुमारे १४ कोटी रुपये हाँगकाँगच्या एका खात्यावर पाठवले गेले. एकूण सुमारे ९४ कोटी रुपये गेले. चोरांनी बँकेचे कोठार फोडलेच नाही. एटीएम विचारते, "या कार्डाला पैसे देऊ काय?" बँक म्हणते, "दे" किंवा "देऊ नको." चोरांनी मधल्या वाटेवर आपले बनावट यंत्र बसवले आणि ते प्रत्येक प्रश्नाला "दे" म्हणत राहिले. कोठाराचे कुलूप शाबूत, काट्यावर मात्र चोराचा माणूस!

बरे, दार खरोखरच बंद ठेवले तर? इराणच्या नतांझ येथील अणुकेंद्रातली यंत्रे बाहेरच्या इंटरनेटशी जोडलेलीच नव्हती. तरीही २०१० साली उघडकीला आलेला स्टक्सनेट नावाचा विषाणू तिथे पोचला होता. त्याने युरेनियम शुद्ध करणारी शेकडो यंत्रे वेडीवाकडी फिरवून निकामी केली, आणि तोवर पडद्यावर मात्र सर्व काही ठीक असल्याचे आकडे दाखवले. "कॉम्प्युटरवर सगळे बरोबर दिसते आहे" असे म्हणणाऱ्या साहेबांनी ही गोष्ट जरूर वाचावी.

जात्यातला खडा

आता घडवणाऱ्यांची साक्ष. युनिक्स ही जगभर पसरलेली प्रणाली उभारणाऱ्यांपैकी एक केन थॉम्प्सन. कॉम्प्युटर क्षेत्रातला सर्वोच्च मानला जाणारा ट्युरिंग पुरस्कार त्यांना मिळाला. त्या निमित्ताने १९८४ साली छापलेल्या भाषणात त्यांनी दाखवून दिले की प्रोग्रामची ओळ न् ओळ तपासून ती स्वच्छ निघाली तरी चोरदरवाजा राहू शकतो. कारण माणसाने लिहिलेल्या ओळींचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारा दुसरा एक प्रोग्राम असतो, आणि लबाडी त्याच्यातच दडवता येते. ज्वारी कितीही निवडून घ्या, जात्यातच खडा असेल तर भाकरी कचकचणारच. आपण स्वतः संपूर्ण न घडवलेल्या प्रोग्रामवर पूर्ण विश्वास टाकता येत नाही, हा त्यांचा निष्कर्ष.

याच दशकात फ्रेड कोहेन यांनी आणखी एक गोष्ट गणिताने सिद्ध केली. प्रत्येक विषाणू अचूक पकडील आणि निर्दोष प्रोग्रामला कधीच पकडणार नाही, असा तपासनीस प्रोग्राम लिहिणे शक्यच नाही.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ऑस्ट्रेलियात सिडनीच्या संशोधकांनी २००९ साली एसईएलफोर नावाचा प्रणालीचा छोटा गाभा ठरल्याप्रमाणेच चालतो, हे गणिताने सिद्ध केले. काम मोठे आहे, त्याला आमचा नमस्कार. पण हिशेब पाहा. गाभा सुमारे ८,७०० ओळींचा, त्याची सिद्धता सुमारे २ लाख ओळींची. आणि तीही खालची चिप नीट चालते असे गृहीत धरून. २०१८ च्या जानेवारीत जाहीर झाले की जगातल्या बहुतेक कॉम्प्युटरांच्या चिपच्या रचनेतच माहिती गळण्याच्या फटी आहेत. ज्या व्यवस्थेत लाखो ओळी, हजारो यंत्रे आणि हजारो माणसे, तिथे अशी सिद्धता कुणी दिलेली नाही. तरीही हमी मात्र छातीठोक!

अंगठा बदलता येत नाही

चावी हरवली तर कुलूप बदलता येते. अंगठा हरवला तर? आपण जन्मभर अंगठे देत आलो. खरेदीखतावर दिले, गहाणखतावर दिले. २०१८ साली तेलंगणात पोलिसांनी एक प्रकार उघडकीला आणला. जमिनीच्या नोंदणीची कागदपत्रे इंटरनेटवर होती. त्यांवरचे अंगठे उचलून रबरी ठसे बनवले गेले आणि त्या ठशांवर परस्पर सिमकार्डे चालू केली गेली. त्याआधी २०१७ साली उत्तर प्रदेशात आधार नोंदणी करणाऱ्या कर्मचाऱ्यांच्याच बोटांचे नकली ठसे पकडले गेले. सरकारी कपाटातला कागद सरकारनेच चव्हाट्यावर ठेवायचा आणि वर म्हणायचे, अंगठा तुमचाच आहे. कुंपणच शेत खाते ते असे.

आणि गंमत अशी की ज्या हातांनी आयुष्यभर कुळव आणि खुरपे धरले त्यांचा खरा अंगठा मशीनला पुष्कळदा ओळखू येत नाही. खऱ्याला नकार आणि रबराला होकार!

न चुकणाऱ्या यंत्राचे बळी

हे अडाणी मुलखात होते असे कुणी समजू नये. इंग्लंडात १९९९ पासून टपाल खात्याने हॉरायझन नावाची कॉम्प्युटर प्रणाली आणली. गावोगावचे उपपोस्टमास्तर, म्हणजे बहुतेक लहान दुकानदार, यांच्या हिशेबात तूट दिसू लागली. ते सांगत राहिले की आम्ही पैसे घेतलेले नाहीत. खाते सांगत राहिले की यंत्रणा भक्कम आहे आणि बाहेरून कुणी तुमच्या हिशेबाला हात लावू शकत नाही. न्यायालयेही कॉम्प्युटर बरोबर आहे असे गृहीत धरूनच चालत. २०१५ पर्यंत ९०० हून अधिक लोक दोषी ठरले. कित्येक तुरुंगात गेले, कित्येकांनी घरे विकून नसलेली तूट भरली. २०१९ साली उच्च न्यायालयाने निकाल दिला की यंत्रणेत दोष होते आणि ती पुरवणाऱ्या कंपनीच्या माणसांना दुरून हिशेबात फेरफार करता येत होता. २०२४ साली संसदेला कायदा करून शिक्षा रद्द कराव्या लागल्या.

इथे बाहेरचा चोर आलाच नव्हता. पण यंत्र चुकू शकत नाही असे एकदा मानले की माणूस गुन्हेगार ठरतो. इंग्लंडच्या पोस्टमास्तरला वीस वर्षांनी न्याय मिळाला. आमच्या वेचणीवाल्या बहिणीला वीस वर्षे कोण देणार?

मग कॉम्प्युटर फेकून द्यायचा काय?

मुळीच नाही. आम्ही तंत्रज्ञानाचे वैरी नाही. सातबारा घरबसल्या दिसतो, पट्टीचे पैसे खात्यात येतात, यात शेतकऱ्याचे हितच आहे. तलाठ्याच्या दप्तराचे राज्य आम्हाला परत नको. पण ज्वारीच्या राखणीला बसणाऱ्याला कळते ते साहेबांना कळले पाहिजे. माळ्यावर गोफण घेऊन बसणारा गडी "एकही पाखरू दाणा टिपणार नाही" अशी हमी देत नाही. तो डोळे उघडे ठेवतो, थवा उतरला की ओरडतो, आणि झोपला तर मालकाला जबाब देतो. कॉम्प्युटरची सुरक्षाही तेवढीच असते. चोरी कठीण करायची, झाली तर लवकर ओळखायची, आणि नुकसान भरून द्यायचे. पहिल्या गोष्टीच्या जाहिराती चालू आहेत. तिसरीचे नाव कुणी काढत नाही.

वास्तविक, रिझर्व्ह बँकेने २०१७ साली जुलैत व्यापारी बँकांसाठी आणि डिसेंबरात सहकारी बँकांसाठी परिपत्रके काढली. चूक बँकेची असेल तर खातेदारावर शून्य बोजा. चूक बँकेचीही नाही आणि खातेदाराचीही नाही, तर बँकेचा निरोप मिळाल्यापासून तीन कामकाजी दिवसांत कळवल्यास शून्य बोजा. तक्रारीनंतर दहा कामकाजी दिवसांत रक्कम खात्यावर दाखवायची. खातेदाराची चूक होती हे सिद्ध करण्याची जबाबदारी बँकेची. आपण स्वतःच कुणाला ओटीपी सांगितला असेल तर मात्र कळवीपर्यंतचे नुकसान आपले. "सिस्टीम चुकत नाही" हे वाक्य त्या परिपत्रकांत कुठेही नाही. ते साहेबांचे स्वतःचे आहे.

म्हणून पैसे गेले तर रडत बसू नका. त्याच दिवशी १९३० या क्रमांकावर तक्रार करा. बँकेत लेखी अर्ज द्या आणि पोच घेतल्याशिवाय पायरी उतरू नका. आधारचा अंगठा कुलूपबंद ठेवण्याची सोय आहे. गावातल्या शिकलेल्या पोरांनी ती प्रत्येक घरात करून द्यावी आणि काम असेल तेव्हा उघडून द्यावी.

मेळाव्यापुढे ठेवायचा ठराव

१. अंगठा किंवा ओटीपी लागला, एवढ्यावरून पैसे शेतकऱ्यानेच काढले असे मानू नये. सिद्ध करण्याचा भार यंत्रणा चालवणाऱ्यावर असावा.

२. प्रत्येक व्यवहाराची छापील पावती मिळावी. कॉम्प्युटर आणि कागद यांत फरक पडला तर निर्णय सही करणाऱ्या अधिकाऱ्याने सुनावणी घेऊन लेखी द्यावा.

३. अंगठा जुळत नाही म्हणून कुणाचेही अनुदान, विमा किंवा रेशन अडवू नये. दुसरा मार्ग त्याच दिवशी उपलब्ध असावा.

४. शेतकऱ्याचे अंगठे असलेली कागदपत्रे उघड्यावर ठेवणाऱ्या कार्यालयाने त्यातून झालेले नुकसान भरून द्यावे.

५. यंत्रणा फोडली गेली तर ती बातमी खातेदाराला ताबडतोब कळवावी. लपवणे हा गुन्हा धरावा.

अभेद्य कॉम्प्युटर द्या अशी मागणी आम्ही करीत नाही, कारण जी वस्तू नाही ती मागणारा शेवटी फसतो. आमची मागणी जबाबदारीची आहे. कुंपण तुमचे, राखण तुमची, पगार तुमचा, तर नुकसानही तुमचे. ज्या साहेबांना आपली सिस्टीम फुटूच शकत नाही अशी खात्री आहे, त्यांनी मेळाव्यात यावे आणि स्टॅम्पपेपरवर लिहून द्यावे की फुटली तर भरपाई आम्ही देऊ. खात्री खरी असेल तर सही करायला भीती कसली?