बायोला कुणी आहे का हो?

मा. शालेय शिक्षण मंत्री, मा. शिक्षण आयुक्त आणि आमच्या तालुक्यातल्या कनिष्ठ महाविद्यालयांचे संस्थाचालक यांस,



पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी माझं औषधांचं दुकान आहे. बी. फार्म. झाल्यामुळे गावाच्या लेखी मी ‘सायन्सवाला’. त्यामुळे कॉलेजं सुरू झाली की गिऱ्हाईक डॉक्टरांच्या चिठ्ठीबरोबर आणखी एक गोष्ट मागतं, ‘बायोला कुणी आहे का हो शिकवणारं?’ फिजिक्स-केमिस्ट्रीचे आणि गणिताचे क्लास आमच्या स्टँडमागच्या गल्लीत भिंतीला भिंत लावून आहेत. बायोचा एकही धड नाही. यंदा माझी स्वतःची मुलगी बारावीला आहे. म्हणजे आजवर लोक मला विचारायचे, यंदा मी लोकांना विचारत फिरलो.

यामागचं अर्थकारण साधं आहे. फिजिक्सच्या मास्तरांना इंजिनिअरिंगवाले आणि मेडिकलवाले, दोन्हीकडची पोरं मिळतात. बायोवाल्याला निम्मीच मिळतात. त्यात जीवशास्त्र म्हणजे वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र अशी दोन विषयांची मोट. एम. एस्सी. मात्र माणूस त्यातल्या एकातच करतो. बॉटनीवाल्या सरांना उत्सर्जनसंस्था नकोशी आणि झूलॉजीवाल्या मॅडमना प्रकाशसंश्लेषण. शिवाय ‘बायो काय, घरी वाचलं तरी होतं’ हा समज आमच्यात मुरलेला. इकडे नीटच्या 720 गुणांपैकी 360 याच विषयाचे. 180 प्रश्नांतले 90 याचे. एमएचटी-सीईटीच्या पीसीबी गटातही 200 पैकी 100. निम्मी परीक्षा ज्या विषयाची, तो पोरांनी उशाला पुस्तक घेऊन आपला आपण करायचा, असं एकूण चाललं आहे.

कुणी मिळतच नाही, असं नाही. मिळणाऱ्यांच्या तऱ्हा सांगतो. एक एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाचा मुलगा, सुट्टीत घरी आलेला. हुशार, पण ‘काका, ही ओळ मार्क करून घ्या, यावर प्रश्न येतो’ यापलीकडे शिकवणं म्हणजे काय ते त्याच्या गावी नाही. त्याला तरी कुणी शिकवलं होतं? एक निवृत्त सर. विषय हातचा मळ, आकृती अशी काढतात की बघत राहावं. पण चार पर्यायांचा प्रश्न पाहिला की ‘हे काय शिक्षण आहे का’ म्हणून चिडतात. त्यांचं चुकत नाही, आमची परीक्षा मात्र तीच आहे. एक शहरातला ऑनलाइन क्लास, डेमो लेक्चर फुकट, त्यानंतर दिवसाला तीन फोन आणि ‘आजच ॲडमिशन केलं तर डिस्काउंट’. आणि मुलीचे पालक म्हणून आम्ही आणखी एक अट मनात धरून असतो, जी उघड कुणी बोलत नाही: घरी येणारा माणूस कोण, कुठला, आधी कुणाकडे शिकवत होता? हे विचारायचं कुणाला? दुकानात, देवळात, भिशीत. तेच आमचं चौकशी खातं.

मग दोन पुस्तकांचा घोळ. नीटचा पेपर एनसीईआरटीच्या वळणाचा, बोर्ड आणि सीईटी बालभारतीच्या पुस्तकावर. हृदय आणि रक्ताभिसरण एनसीईआरटीत अकरावीला, बालभारतीत बारावीला. वनस्पती पाणी कसं वर खेचतात आणि त्यांचं खनिज पोषण, ही प्रकरणं एनसीईआरटीनं 2022 च्या छाटणीत उडवली. आपल्या बारावीच्या पुस्तकात ती दिमाखात उभी. म्हणजे नीटच्या क्लासला जाणारी पोर जे ‘सिलॅबसमध्ये नाही’ म्हणून सोडते, त्यावर फेब्रुवारीत बोर्डाच्या पेपरात प्रश्न असतो. दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून शिकवू शकेल असा माणूस तालुक्यात शोधणं म्हणजे काय, हे ज्यानं शोधलं त्यालाच ठाऊक. त्यात आमची मुलं दहावीपर्यंत मराठीतून शिकलेली. अकरावीला एकदम सगळं इंग्रजीतून. सहा महिने तरी कुणीतरी मराठीत बोलून, इंग्रजीत लिहून दाखवायला लागतं. हे काम क्लासचे व्हिडिओ करत नाहीत.

आता तुम्ही म्हणाल, खासगी शिकवणी हा पालकांचा खासगी मामला, त्यात सरकार काय करणार? पण महाराज, आमच्या पोरांना कॉलेजात प्रवेश तुम्हीच देता. 2025 पासून अकरावीची प्रवेशप्रक्रिया सगळ्या राज्यात ऑनलाइन झाली. आमच्या खेड्यातल्या मुलीनंही दहा पसंतिक्रम भरले. प्रवेश मिळाला, फी भरली, ओळखपत्र आलं. वर्गात बायोचा तास मात्र आठवड्याला जितका कागदावर आहे तितका होत नाही. कारण पूर्ण वेळ शिक्षक निवृत्त झाल्यावर ती जागा रिकामी आहे आणि तासिका तत्त्वावरच्या मॅडमना मानधन कधी मिळेल याचा नेम नाही. मग पालक क्लास शोधतात. क्लास म्हणतो, कॉलेजला जायची गरज नाही, आमचं ‘टाय-अप’ आहे. 2018 साली तुमच्याच खात्यानं विज्ञान शाखेत बायोमेट्रिक हजेरी लावायला सांगितली होती, ती याच दुखण्यावर. ती यंत्रं आज किती ठिकाणी चालू आहेत, हे एखाद्या सोमवारी न सांगता येऊन बघा. मुलं नसतील, पण मस्टरवर सगळी हजर असतील.

या साऱ्यात सर्वांत आधी मेली ती प्रयोगशाळा. बारावीच्या जीवशास्त्रात 100 पैकी 30 गुण प्रात्यक्षिकाचे. आमच्या भागात हे तीस गुण म्हणजे जवळपास दिवाळीचा बोनस. जर्नल पूर्ण असलं की झालं. आणि जर्नल पूर्ण होतं मागच्या वर्षीच्या पोरीच्या जर्नलवरून, एका रात्रीत, तिच्या चुकांसकट.

माझ्या मुलीचंही तसंच झालं असतं. अखेर आम्हाला एक मॅडम मिळाल्या, बॉटनीत एम. एस्सी., कुठल्याशा कॉलेजात तासिकेवर. त्यांनी पहिल्या दिवशी पुस्तक उघडलंच नाही. कांदा मागितला. पाण्याच्या पेल्यावर बुड टेकेल असा बसवला आणि तीन दिवसांनी सकाळी या म्हणून सांगितलं. मुळं बोटाच्या पेराएवढी झाली होती. त्यांनी टोकं कापली, ॲसिडच्या थेंबात घालून जरा ऊब दिली, ॲसिटोकार्मिन टाकलं, वर काचेची चकती ठेवली आणि टीपकागदाखाली अंगठ्यानं दाबली. मायक्रोस्कोप शेजारच्या पॅथॉलॉजी लॅबचा, रक्ताच्या स्लाइड सुरू व्हायच्या आधी अर्ध्या तासासाठी मागून माझ्या दुकानात आणलेला.

मुलीनं डोळा लावला आणि म्हणाली, ‘मॅडम, बिघडलंय. बहुतेक पेशींत काहीच होत नाहीये.’ जर्नलमध्ये तिनं मायटॉसिसच्या सगळ्या अवस्था सुबक गोलांत काढल्या होत्या, एकेक गोल एकेका अवस्थेचा. इथे शेकड्यानं पेशी नुसत्या गप्प, मधूनच एखादीत गुणसूत्रं रांगेत लागलेली, एखादीत दोन टोकांकडे ओढली जाणारी. मॅडम म्हणाल्या, ‘शंभर पेशी मोज. त्यांतल्या किती विभागताना दिसतात?’ तिनं मोजल्या. थोड्याच निघाल्या. ‘म्हणजे पेशीचा जास्त वेळ कशात जातो?’ इंटरफेज हा पेशीचक्राचा 95 टक्क्यांहून अधिक काळ, ही ओळ तिला पाठ होती, नीटच्या टेस्टमध्ये तिनं त्यावर चार गुणही घेतले होते. ती ओळ कशाबद्दल आहे, हे तिला त्या सकाळी कळलं. मी काउंटरवर उभा होतो, गिऱ्हाईक खोळंबलं होतं, तरी मी हललो नाही.

साहेब, या प्रयोगाला लागलं काय? एक कांदा, दोन बाटल्या, एक मायक्रोस्कोप. आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत मायक्रोस्कोप आहेत. कपाटात आहेत, कपाटाला कुलूप आहे आणि किल्ली ज्यांच्याकडे होती ते निवृत्त झाले. तिथल्या तासिकेवरच्या मॅडमना ते वापरता येत नाहीत, कारण ‘डेडस्टॉकची, म्हणजे नोंदवहीतल्या सामानाची, जबाबदारी कोण घेणार’ हा प्रश्न अजून सुटलेला नाही.

म्हणून माझं मागणं क्लासवाल्यांवर धाडी घालण्याचं नाही. ते तुम्ही अधूनमधून करता, पेपरात फोटो येतात. जानेवारी 2024 च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचना मी वाचल्या आहेत. सोळा वर्षांखालच्या मुलांना प्रवेश नको, शिकवणारा किमान पदवीधर हवा, खोटी हमी नको. चांगल्या आहेत. पण त्या पन्नासांहून जास्त मुलं असलेल्या केंद्रांसाठी. आमच्या गावात बायो शिकवणारे आठ-दहा मुलांना घरात बसवतात, किंवा तुमच्या घरी येतात. त्यांना ना नियम, ना नोंद. चांगल्याला त्याचा फायदा नाही आणि वाईटाला त्याची भीती नाही.

माझं पहिलं मागणं प्रयोगशाळेचं, आणि त्यावर मी हटून बसणार आहे. कॉलेजची प्रयोगशाळा शनिवारी दुपारी आणि रोज संध्याकाळी दोन तास उघडी ठेवा. तालुक्यातल्या अकरावी-बारावीच्या कुठल्याही मुलाला येऊ द्या, तो कुठल्या कॉलेजचा आहे हे न विचारता, माफक फी घेऊन. शिकवायला एम. एस्सी. झालेली, बी. एड. करून घरी बसलेली मुलंमुली ठेवा. दर तालुक्यात आहेत, माझ्याच दुकानात दोघे येऊन ‘सर, कुठे काही असेल तर सांगा’ म्हणून नंबर ठेवून गेले आहेत. एकीकडे शिकवणारे नंबर ठेवून जातात, दुसरीकडे पालक नंबर मागतात, आणि मध्ये मी क्रोसिन विकतो. हे काम औषध दुकानदाराचं नाही. डेडस्टॉकची जबाबदारी कुणाची, हे एका परिपत्रकात लिहा. मायक्रोस्कोप वापरून झिजले तर ती संस्थेला शोभेची गोष्ट आहे.

बाकीची लहान आहेत. घरी शिकवणाऱ्यांची नोंद पंचायत समितीतल्या गटशिक्षणाधिकारी कार्यालयात ठेवा: नाव, पदवी, पोलीस पडताळणी, बस्स. फी ठरवायला बसू नका, ते तुम्हाला जमणार नाही. ज्यांच्या हातात मुलांच्या जर्नलवरची सही आहे, त्यांनी त्याच मुलांची संध्याकाळची बॅच घेऊ नये. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 28 नं शिक्षकांना शिकवणीला मज्जाव केला आहे, पण तो कायदा आठवीपर्यंतचा. अकरावी-बारावीला ही रेघ कुणीतरी ओढायला हवी. सरांकडे शिकवणी लावली नाही तर प्रॅक्टिकलला काय होईल, ही भीती खरी असो वा खोटी, पालक तिच्यापोटी फी भरतात. आणि बालभारतीनं चार पानांचं एक कोष्टक छापावं: आपल्या पुस्तकातलं कुठलं प्रकरण एनसीईआरटीत कुठे आहे, कुठलं नाही. असंच कोष्टक आज प्रत्येक क्लासवाला स्वतःच्या नावानं छापून ‘सिक्रेट नोट्स’ म्हणून विकतो.

रिकामी जागा भरा, हे मी वेगळं लिहीत नाही. ते तुम्हाला रोज कुणी ना कुणी लिहीतच असेल.

संस्थाचालकांना एक निराळी विनंती. कपाटाची किल्ली सापडत नसेल तर कुलूपवाला माझ्या दुकानासमोर बसतो. त्याचा खर्च मी देतो, पावतीही नको. तासिकेवरच्या मॅडमना यंदा ऑगस्टच्या आधी प्रयोगशाळेत जाऊ द्या. त्यानंतर युनिट टेस्ट सुरू होतात आणि मुलं पुन्हा पाठांतराला लागतात.

कळावे,

आपला,
बारावीतल्या एका मुलीचा बाप आणि गावचा औषध दुकानदार