पलटणीत आपला, गावात परका

काही दिवसांपूर्वी आमच्या कार्यालयात एक निवृत्त हवालदार आले. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, हातात कागदपत्रांची प्लास्टिकची पिशवी. आम्हाला वाटले, पेन्शनचे काहीतरी अडले असेल. पण काम स्मशानभूमीच्या वाटेचे होते. त्यांच्या थोरल्या भावाची अंत्ययात्रा गावातल्या काही लोकांनी अडवली होती. ‘तुमची जागा तिकडे, ओढ्यापलीकडे,’ असे सांगून प्रेत परत फिरवायला लावले होते. विशेष म्हणजे त्याच्या आधीच्याच १५ ऑगस्टला याच गावाने ग्रामपंचायतीसमोर शाल-श्रीफळ देऊन त्यांचा सत्कार केला होता.

तक्रारीचा मसुदा तयार होईपर्यंत ते शांत बसून होते. मग म्हणाले, “वकीलसाहेब, सियाचीनला आम्ही एका दोराला बांधून चालायचो. पुढचा घसरला तर मागच्यांनी धरायचं. दोराला कुणी जात विचारली नाही. आणि इथं माझ्या भावाला गावातून एक खांदा मिळाला नाही.”

हवालदारसाहेबांच्या या बोलण्यात आमच्या चळवळीचा शंभर-सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे, असे आम्हाला वाटते. युद्ध ही वाईट गोष्ट आहे, आम्ही तिचे गोडवे गाणार नाही. लष्करात जात नाही, असा दावाही आम्ही करणार नाही. जातीच्या नावाच्या पलटणी उभ्या करणाऱ्या लष्कराला जात माहीत नव्हती, असे कोण म्हणेल? तरीही आघाडीवर एक गोष्ट घडते. शेजारच्या माणसाच्या हातात आपला जीव असतो, म्हणून त्याला आपले मानावे लागते. माणसाला भाकरीइतकीच या आपलेपणाची गरज असते. ज्याने तो एकदा अनुभवला, त्याला गावात परतल्यावर परकेपणा सहन होत नाही. निवृत्त सैनिकाची अस्वस्थता हा त्याचा आजार नसतो. तो समाजाच्या आजाराचा पुरावा असतो.

भीमा कोरेगावचा स्तंभ पाहा. १ जानेवारी १८१८ च्या लढाईत कंपनी सरकारच्या बाजूने पडलेल्या ४९ जणांची नावे त्यावर आहेत आणि त्यांतली २२ नावे ‘नाक’ प्रत्ययाची, म्हणजे महार सैनिकांची आहेत. ती लढाई इंग्रजांच्या साम्राज्यासाठी होती, हे नाकारण्याचे कारण नाही. पण ज्या माणसांची सावलीही गावाला नको होती, त्यांची नावे इतरांच्या नावांबरोबर एकाच दगडावर कोरली गेली! बाबासाहेब १ जानेवारी १९२७ रोजी तेथे गेले, ते दगडाची पूजा करायला नव्हे. रणांगणावर चालणारा माणूस पाणवठ्यावर का चालत नाही, हा प्रश्न ते समाजाला विचारीत होते. त्यानंतर अडीच-तीन महिन्यांत महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला, हा क्रम आम्ही विसरता कामा नये.

आमचे पहिले पुढारी कोण होते? गोपाळबाबा वलंगकर हे पलटणीतून निवृत्त झालेले पेन्शनर. १८८८ साली त्यांनी ‘विटाळ विध्वंसन’ लिहून अस्पृश्यतेच्या शास्त्राधारालाच आव्हान दिले. पुढे १८९२-९३ च्या सुमारास सरकारने महारांची लष्करभरती बंद केली. कारण काय, तर आम्ही म्हणे लढाऊ जमातीत बसत नाही! त्याविरुद्ध वलंगकरांनी १८९४ साली विनंतीअर्ज तयार केला. शिवराम जानबा कांबळे यांनी १९०३ साली सासवडला ५१ गावांच्या महारांची सभा घेतली आणि १९१० मध्ये थेट भारतमंत्र्यांकडे दाद मागितली. हे अर्ज निव्वळ नोकरीसाठी होते, असे मानणे चूक आहे. पलटणीने दिलेले माणूसपण सरकारने काढून घेतले होते, ते परत मागणारे हे अर्ज होते.

सैनिकांमधूनच पुढारी का निघाले, याला एक रोकडे कारणही आहे. पेन्शनरची भाकरी गावाच्या हातात नव्हती. गाव बलुते बंद करू शकत होते, पण पोस्टातून येणारी पेन्शन बंद करू शकत नव्हते. शिवाय छावणीतल्या शाळेने त्याला अक्षरे दिली होती. आपलेपणाचा अनुभव, अक्षर आणि स्वतंत्र भाकरी या तीन गोष्टी एकत्र आल्या, तेव्हा आमच्यातला माणूस बोलू लागला. सुभेदार रामजी सकपाळ हे याच पिढीचे. ते लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते.

पण सुभेदारकीची मर्यादा कुठे संपत होती? १९०१ साली बाल भीमराव भावंडांसह मसूर स्टेशनवर उतरले, वडिलांना भेटायला कोरेगावला जाण्यासाठी. अंगावर चांगले कपडे होते, बैलगाडीचे भाडे द्यायला पैसे होते. जात कळताच कुणी गाडीवान तयार होईना. शेवटी दुप्पट भाड्यावर एक तयार झाला, तोही मुलांनी गाडी हाकायची आणि त्याने पायी चालायचे या अटीवर. रात्रभर त्या मुलांना पाणी मिळाले नाही. बापाने सरकारची वर्दी अंगावर चढवली होती, पण त्या वर्दीने लेकरांना घोटभर पाणीही मिळवून दिले नाही. वर्दीतला आपलेपणा उसना असतो. गरज संपली की तो परत घेतला जातो.

उसनेपणाचा हा हिशेब पुढेही तसाच चालला. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडू लागली, तेव्हा १९१७ साली १११ वी महार पलटण उभी केली. युद्ध संपले आणि १९२१ साली ती मोडली. दुसरे महायुद्ध आले, बाबासाहेबांनी पाठपुरावा केला आणि ऑक्टोबर १९४१ मध्ये बेळगावला महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली. रेजिमेंटच्या पहिल्या बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ होता. आज त्या रेजिमेंटमध्ये अनेक जाती-प्रांतांचे जवान आहेत. मेजर रामस्वामी परमेश्वरन यांना १९८७ च्या श्रीलंकेतील शौर्याबद्दल मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले, ते याच रेजिमेंटचे. म्हणजे पलटण बदलू शकली. गाव का बदलले नाही?

हा प्रश्न केवळ आपल्या देशाचा नाही. अमेरिकेत आयझॅक वुडर्ड हा काळा सैनिक दुसऱ्या महायुद्धातून परतला. १२ फेब्रुवारी १९४६ रोजी सन्मानाने सेवामुक्त होऊन अंगावरच्या वर्दीनिशी तो बसने घरी निघाला. बसचालकाशी झालेल्या वादाचे निमित्त करून दक्षिण कॅरोलायनातील गोऱ्या पोलीसप्रमुखाने त्याला इतके मारले की त्याचे दोन्ही डोळे कायमचे गेले. सर्व गोऱ्यांच्या ज्युरीने त्या पोलिसाला निर्दोष सोडले. या प्रकरणाने अध्यक्ष ट्रुमन अस्वस्थ झाले आणि १९४८ साली त्यांनी सैन्यातला वंशभेद संपवण्याचा आदेश काढला. तिथेही सैन्यासाठी आदेश आधी निघाला. रस्त्यावरच्या समतेसाठी मात्र काळ्या जनतेला आणखी कित्येक वर्षे लढावे लागले.

मग आम्ही काय मागायचे? आणखी युद्धे? मुळीच नाही! ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण सांगितले आहे, ते या ठिकाणी आठवावे. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य संघाने कोलियांशी युद्ध पुकारायचे ठरवले. सिद्धार्थाने विरोध केला. शाक्य म्हणून आपलेपणा हवा असेल तर शस्त्र घे, नाहीतर कुटुंबावर बहिष्कार ओढवेल, असा पेच उभा राहिला. सिद्धार्थाने देशत्याग पत्करला. युद्धातला आपलेपणा टिकण्यासाठी समोर शत्रू लागतो. तथागतांनी पुढे जो संघ उभारला, त्याला शत्रूची गरज नव्हती. त्यात उपाली न्हावी आणि शाक्य राजपुत्र एकत्र बसले.

संविधानाच्या उद्देशिकेत ‘बंधुता’ हा शब्द मसुदा समितीने घातला, तो याच अर्थाने. शांततेच्या काळातही लोकांनी एका दोराला बांधलेले असावे, ही ती तरतूद आहे. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनी देशाला बजावले की हजारो जातींत विभागलेले लोक अजून राष्ट्र झालेले नाहीत. बंधुता भाषणाने येत नाही, व्यवस्थेने येते. सामाईक पाणी, सामाईक शाळा आणि सामाईक स्मशान ही ती व्यवस्था. अनुसूचित जातीच्या माणसाला स्मशानभूमीचा वापर करण्यापासून अडवणे हा अ‍ॅट्रॉसिटी कायद्यातील २०१५ च्या दुरुस्तीनुसार स्पष्ट गुन्हा आहे. वाचकांनी हे लक्षात ठेवावे आणि असा प्रकार घडल्यास तडजोडीच्या बैठकीआधी पोलीस ठाणे गाठावे.

आणखी एक धोका दिसतो. २०२२ साली आलेल्या अग्निपथ योजनेत चार वर्षांनी पंचवीस टक्केच जवान कायम होणार, बाकीचे एकरकमी पैसे घेऊन पेन्शनशिवाय परतणार, अशी रचना आहे. ज्या पेन्शनच्या बळावर वलंगकर बोलू शकले, ती नसलेला आमचा तरुण गावात कुणाच्या भरवशावर ताठ उभा राहणार? या प्रश्नावर चळवळीने बोलले पाहिजे.

आणि थोडे स्वतःकडेही पाहू. आपल्या वस्तीशेजारच्या मातंग कुटुंबाच्या मयताला आपण खांदा देतो का? देत नसू, तर गावाला जाब विचारण्याचा आपला आवाज तेवढा क्षीण होतो.

१ जानेवारी २०१८ रोजी, लढाईला दोनशे वर्षे होत असताना, अभिवादनाला आलेल्या बांधवांवर हल्ले झाले. तरीही दरवर्षी लाखोंनी आपण जातो. जरूर जावे. पण मानवंदना देऊन परतल्यावर प्रत्येकाने आपल्या गावातली स्मशानभूमीची वाट पाहून यावी. आमचे हवालदारसाहेब आता तेच करीत आहेत. गुन्हा दाखल झाला आहे. “एक लढाई सरकारनं सांगितली म्हणून लढलो, ही माझी स्वतःची,” असे ते परवा म्हणाले. या लढाईत त्यांच्या दोराचे दुसरे टोक कोण धरणार? ते आपणच धरायचे आहे.

जय भीम!